शिंपिणीचे सहा हायकू

ग्रंथालयात बाइंडिंग करणाऱ्या धाकटीचा एक नियम होता: पुस्तक शिवायचं, वाचायचं नाही. वाचत बसलं की पानं उलटसुलट लागतात.

एके दिवशी ग्रंथपालबाईंनी हायकूंच्या एका त्रैमासिकाचा भलाथोरला गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "वर्षवार खंड बांध. एकसष्टावा अंक मात्र सापडत नाहीये, त्याची जागा सोड."

धाकटी पृष्ठक्रमांक तपासू लागली. पण तीन ओळींचं काय, नजर पडेपर्यंत वाचूनही होतात! चाळिसाव्या अंकाशी तिचा हात थबकला.

तीन पायांचं टेबल
धाकटीचं शुद्धलेखन
चौथा पाय माझा गुडघा

खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक शिंपीण'. धाकटीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. लहानपणी ती लिहायची तेव्हा ताईच खाली बसून टेबल तोलून धरायची.

संध्याकाळी ती तडक ताईच्या शिलाईच्या दुकानात गेली.

"ताई, तू कविता करतेस?"

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून ठेवत ती म्हणाली, "कुणी चहाडी केली?"

"दाजींना माहितीये?"

"त्यांना सांगितलं असतं तर गल्लीभर बोभाटा झाला असता. आणि करत नाही, करत होते. पाच छापले. सहावा पाठवला, त्याचं उत्तरही नाही की अंकही नाही. म्हटलं, आटपलं आपलं. पुन्हा विचारायची लाज वाटली."

"सहावा कोणता होता?"

"आता कुठला आठवायला!" ताईने मशीन सुरू केली. तिला तो लख्ख आठवत होता, हे धाकटीने ओळखलं.

दुसऱ्या दिवशी तिने ताईला ओढतच ग्रंथालयात नेलं. ग्रंथपालबाईंनी एक लाकडी खण काढला. आधीच्या ग्रंथपालांनी त्या त्रैमासिकातल्या एकूण एक हायकूची सूची कार्डांवर केली होती, कवींची वेगळी, विषयांची वेगळी. मांजरावर एकशे चार नोंदी होत्या.

"शिंपीण, शिंपीण..." बाई पुटपुटल्या. "ही बघा. सहा नोंदी. शेवटची अंक एकसष्ट, पान नऊ."

"म्हणजे छापला होता?" ताईने कार्ड ओढूनच घेतलं.

छापला होता, पण अंक कुठे होता? तिघींनी कपाटं पालथी घातली. दुपारी बाईंनी विचारलं, "साठाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर काय आहे?"

"कोबी," धाकटी म्हणाली. "त्याच्या आधीच्यावर वांगं."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि शेतीच्या मासिकांकडे धाव घेतली. खतांच्या विशेषांकाखाली एकसष्टावा अंक निवांत पडला होता. मुखपृष्ठावर टोमॅटो!

ताईने पान नऊ उघडलं.

सुई शोधताना
हाताला लागलं
सकाळचं ऊन

"वाच ना मोठ्याने," धाकटी म्हणाली. ताईने वाचलं. वाचनकक्षातल्या एका आजोबांनी "वा!" म्हटलं आणि ताई कानापर्यंत लाल झाली.

त्रैमासिक अजून निघत होतं. ताईने त्याच आठवड्यात तीन नवे हायकू पोस्टात टाकले. महिन्याने पोस्टकार्ड आलं: दोन स्वीकारले, तिसरा साभार परत.

"तिसराच तर सगळ्यात चांगला होता!" ताई उसळली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याला संपादकाला काही कळत कसं नाही, ते समजावून सांगू लागली.