भवानी पेठेतल्या पिंगळ्यासमोर नाव घेऊ नका

मित्रांनो, मी एक जुना आणि कायम अपुऱ्या झोपेचा पिंगळा आहे. पिंगळा म्हणजे साळुंकीएवढे घुबड. घुबड म्हटले की तुम्ही दचकता, म्हणून माप आधीच सांगितले.

सोलापूरच्या भवानी पेठेत, यंत्रमागाच्या एका शेडच्या भिंतीतल्या भोकात माझा जन्म झाला. तिथे पूर्वी पंखा होता. तो दुरुस्तीला गेला आणि परत आलाच नाही, म्हणून आम्हाला घर मिळाले. उंदीर, पाली आणि झुरळे यांचा बंदोबस्त हे आमचे खानदानी काम. माग चालू होते तेव्हा उंदीर सूत कुरतडत आणि मी उंदीर खात असे. "ह्यो आपला बिनपगारी वॉचमन," असे मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगत. पुढे माग बंद पडले. मालक गेले, कौतुकही गेले. उंदीर तेवढे राहिले.

मग उरली ती समजूत. पिंगळ्यासमोर कुणाचे नाव घेतले की तो ते पाठ करतो, रोज घोकतो आणि ते माणूस झिजत जाते म्हणे. मित्रांनो, सकाळी कुठली पाल अर्धी ठेवली हे मला संध्याकाळी आठवत नाही. पण आमच्या बोळात नावे बंद झाली. सगळे 'अगं ए' आणि 'अहो'. एकदा कोणी नुसते 'अहो' म्हणाले, तर पाच घरांतले पाच नवरे दारात आले. समोरच्या चन्नम्मा तर मला पाहिले की आधी थुंकत आणि मग सडा टाकत.

यंदा त्यांची लेक अंकिता पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आली. डॉक्टरांनी बसून राहायला सांगितले होते, म्हणून ती खिडकीत बसे. तिने मला शोधले ते मी दिसण्याआधीच. भिंतीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले. खाली किड्यांच्या पंखांच्या आणि केसांच्या गोळ्या पडलेल्या दिसल्या. भर दुपारी बुलबुल एकाच भोकाकडे बघून शिव्या देत होते. मग तिने मान वर केली आणि माझे पिवळे डोळे तिला सापडले. त्या दिवसापासून ती मला बघे आणि मी तिला. तिला पोटातले बाळ झोपू देत नव्हते, मला माझी तीन पिल्ले.

एका दुपारी चन्नम्मांनी सोमलिंग गवंड्याला आणले.

"पोरीचं दिवस भरल्यात आनि समोर हे डोळं वटारून बसलंय. लिंपून टाक की ते भोक."

सोमलिंगने शिडी लावली. मी तारेवर होतो. आमची मंडळी आत पिल्लांवर पंख पसरून बसली होती.

"मामा, आत पिल्लं आहेत!" अंकिता खिडकीतून ओरडली.

"म्हनूनच घाई हाय," चन्नम्मा म्हणाल्या. "मोटी झाली की आनखी तीन भोकं धरतील. तू गप बस गं."

पहिली वीट बसली. आत काळोख झाला, चोची कटकट वाजू लागल्या. मी झेप घेतली, तर सोमलिंगने थापी फिरवली. मित्रांनो, माझे वजन एका बऱ्यापैकी कांद्याएवढे. थापीपुढे कांदा काय करणार? मी परत तारेवर बसलो. इतका दमलो होतो की ओरडायचेही सुचेना.

तेवढ्यात अंकिता कमरेवर हात ठेवून बाहेर आली. तारेखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "ए पिंगळ्या, ऐक. शिडीवर आहे तो सोमलिंग. सोमलिंग बसलिंगप्पा हत्तुरे. राहणार भवानी पेठ, पिठाच्या गिरणीमागं."

"अगं बाई, पत्ता कशाला सांगतीस त्येला!" सोमलिंग शिडीवरूनच किंचाळला.

मी मान खालीवर केली. अंतर जोखायला आम्ही तशी करतो. पण सोमलिंगला तो होकार वाटला. तो सरसर खाली उतरला. "अक्का, मला न्हाय जमायचं. दुसरा गवंडी बघा."

"बायकांनी हात मोडून घेतलेत व्हय?" चन्नम्मांनी पदर खोचला, थापी हिसकावली आणि शिडीवर पाय ठेवला.

"आणि मी अंकिता," लेक शांतपणे मला म्हणाली. "चन्नम्माची अंकिता. विसरू नकोस."

चन्नम्मांचा पाय पहिल्या पायरीवरच राहिला. मित्रांनो, इतकी वर्षे या बाईचा मला राग होता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आले नाही. आता लेकीचे नाव माझ्यापाशी होते आणि माझी पिल्ले त्यांच्यापाशी.

"वीट काड," त्या हळूच सोमलिंगला म्हणाल्या.

"अक्का, माजं नाव..."

"तुजं नाव गेलंच हाय आता. चड."

वीट निघाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले उडाली. एक अजून शेजारच्या पत्र्यावर बसून फुकट खाते.

अंकिताला मुलगी झाली. बारसे झाले, पण नाव काही बोळात ऐकू आले नाही. मग एका संध्याकाळी अंकिता बाळाला घेऊन तारेखाली आली. मागोमाग चन्नम्मा.

"ही इंद्रायणी," अंकिता मला म्हणाली.

चन्नम्मांनी बाळाच्या कानांवरची टोपी नीट केली. थुंकल्या नाहीत. वर बघून एवढेच म्हणाल्या, "हिला सांबाळ रं बाबा."

मित्रांनो, मी कुणाला काय सांभाळणार? पण त्या रात्रीपासून मी त्यांच्या दारापुढचे उंदीर आधी पकडतो आणि बाकीच्या बोळाचे मागून. तुमच्या घराजवळ भिंतीवर पांढरे ओघळ दिसले तर मान वर करा. लांबून बघा, दगड मारू नका, आणि आमची पिल्ले उडेपर्यंत सिमेंट कालवू नका. आमच्यासमोर तुमची नावे खुशाल घ्या. फक्त दुपारी घेऊ नका. दुपारी मी झोपतो.