लिहून दिलेलं बोलणं

भंडाऱ्याकडच्या आसगावच्या रंभाबाईची लेक अपेक्षा पुण्याला हवामानाच्या एका मोठ्या संस्थेत शास्त्रज्ञ होती. सणासुदीलाही तिला गावी यायला सवड मिळायची नाही. पावसाळ्यात मात्र ती टीव्हीवर यायची, संस्थेच्या वतीनं पावसाचा अंदाज सांगायची. रंभाबाई शेतातून आली की हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायची. अंदाज कानावरून जायचा. ती नुसतं लेकीचं तोंड पाहायची. गाल बसले काय, डोळे ओढले काय.

"वाळली वो पोरगी," असं टीव्हीलाच सांगायची.

गेल्या वर्षी ऑगस्टात पावसानं झड धरली. निवेदकानं विचारलं, "भंडाऱ्याकडे काय परिस्थिती राहील?" अपेक्षानं आकडे सांगितले, नि मध्येच थांबली. मग पुस्तकी मराठी सोडून म्हणाली, "वैनगंगेच्या काठच्या लोकायनं आताच निंगावं. ढोरं बांधून ठेवू नोका. वाट पाहू नोका."

रंभाबाई ताडकन उभी राहिली. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा टीव्हीत तिची पोरगी बोलली होती.

वैनगंगेच्या काठी कारध्याला रंभाबाईचा भाऊ परसराम राहायचा. त्यानं ते ऐकलं आणि म्हशी टेकाडावर नेल्या. सकाळी त्याच्या म्हशींच्या कोठ्यात छातीइतकं पाणी होतं.

त्यानंतर टीव्हीवर अपेक्षाच्या जागी कुणी साहेब दिसू लागला. रंभाबाईनं फोन लावला. "काहून वो बाई, दिसून नाई राहिली?"

"माह्यं टीव्हीवर बोलणं बंद केलं, आई. गाव खाली करा म्हणणं कलेक्टर ऑफिसचं काम, आमचं नाई. संस्थेच्या नावावर मनचं बोलली म्हणते साहेब लोक."

"पण मामाच्या म्हशी वाचल्या ना!"

"वाचल्या. पण त्यायचंही साफ चूक नाई. उद्या कोणीही उठून काहीही बोललं, तर लोक कोणाचं आयकतीन?" तिचा आवाज बसला होता. "तरी मले पुन्हा तसंच बोलावं वाटते, आई."

यंदा पावसाळा तोंडावर आला आणि अपेक्षाचाच फोन आला. "मले परत बोलावून राहिले. पण लिहून देतीन तेवढंच वाचाचं. काय सांगू?"

रंभाबाईच्या ओठावर 'नाई' आलं होतं. पण डोळे आसुसले होते. "हो म्हण," ती म्हणाली. "निदान दिसशील तरी."

अपेक्षा दिसली. नवी निळी साडी, चापूनचोपून बांधलेले केस. नजर खाली कागदावर. वाचून झालं नि जाहिरात लागली. रंभाबाईला वाटलं होतं, पाहून जीव निवेल. तो उलटा जास्तच तुटला. या पोरीपेक्षा फोनवरची बसल्या आवाजाची पोरगी तिला जवळची वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या धनीरामला गाठलं. "भाऊ, मले पुण्याचं तिकीट काढून दे."

"धानाचा रोवणा सोडून?"

"रोवणा सून पाहीन. मले पोरीसंग बोलाचं आहे."

धनीरामनं वरठी स्टेशनावर तिला गाडीत बसवून दिलं नि अपेक्षाला फोन करून कळवलं. पुण्याच्या फलाटावर अपेक्षा धावतच आली. आईच्या हातातली तांदळाची थैली ओढून घेत ओरडली, "एवढं ओझं आणाचं असते काय वो? तांदूळ भेटत नाई काय इथं? एकटी आली, रस्त्यात काही झालं असतं म्हणजे? राती जेवलीही नसशील!"

ती बोलतच राहिली, भर गर्दीत, कोण ऐकतंय याची पर्वा न करता. रंभाबाईनं तिला थांबवलं नाही.