खोक्यातली तांबडी माती

आमच्या अमरदादाच्या हातात साधा हातोडाही देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या वडिलांनी, आबांनी, आयुष्यभर कुस्तीच्या मैदानांत निवेदन केलं. गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरपायी स्वरयंत्र काढावं लागलं आणि आवाज गेला. आता श्वास गळ्याच्या भोकातून. नाकाला वासही कळत नाही. उरली ती एका मैदानातल्या त्यांच्या निवेदनाची कॅसेट. ती मोबाईलवर भरून ऐकवली तर त्यांनी तोंड फिरवलं. डबीत अडकलेल्या माशीसारखा आवाज कुणाला हवाय? म्हणून मी माळ्यावरचा त्यांचा जुना स्पीकर खाली काढला. बारा इंची, कागदी कोनाचा, मागे भलंमोठं चुंबक. त्यातून आबांना त्यांचा आवाज होता तसा ऐकवायचा, एवढंच डोक्यात होतं.

स्पीकर बसवायचं लाकडी खोकं मीच आखलं. भिंती दुहेरी, मधल्या पोकळीत कोरडी वाळू, म्हणजे लाकूड थरथरत नाही. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, मला सुट्टी मिळेना, म्हणून वाळू भरून खोकं बंद करायचं काम दादावर सोपवलं. तो एकेकाळचा पैलवान. वाळू चाळून, वाळवून भर, असं बजावलंही होतं.

पंधरवड्यानं आबांसमोर खोक्यावरची चादर काढली आणि मला ओकारीच आली. नासलेलं ताक, कुजकी लिंबं, खवट तेल. प्लायवूड फुगलेलं, सांध्यांतून तांबडा चिखल पाझरलेला, त्यात मुंग्या. कोन ओला होऊन त्यावर बुरशी चढलेली.

वाळू कुठाय, असं मी विचारलं.

"आबांचा आवाज वाळूवर वाजवायचा व्हय रं?" दादा म्हणाला. "तालमीतली माती आणली की. ताजी मळलेली."

ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती आखाड्यात रोज उकरतात, म्हणून टिकते. या शहाण्यानं ती कोंडून ठेवली. मला त्या खोक्याची किळस आली आणि दादाच्या भक्तीचीही.

आबा मात्र खुर्ची ओढून खोक्याला चिकटून बसले होते. लाव, अशी त्यांनी खूण केली.

लावली. ओल्या कोनातून घोगरा, घरघरणारा, फाटका आवाज आला. ऑपरेशनच्या आधी, शेवटच्या दिवसांत आबा बोलायचे ना, अगदी तसा. त्यांचा हात गळ्यावरच्या फडक्याकडे गेला. मग त्यांनी तोच हात हलवला. बंद कर.

मी खोकं अंगणात नेऊन फोडलं. एका हातानं नाक धरून, दुसऱ्यानं तो चिखल उपसत दादाला शिव्या घालत होतो. दादा खाली मान घालून उभा होता. आबा बाहेर आले. वाकून त्यांनी चिमूटभर माती उचलली, जुन्या सवयीनं कपाळाला लावली आणि नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. कसा येतोय वास?

मी नाकावरचा हात काढला.

"तालमीचाच हाय, आबा. तस्साच."