पश्चिमेच्या पायऱ्या

रविवारी कोल्हापुरात हलगी वाजली आणि तिचा आवाज पुण्यात निघाला.

मैदानात हलगीवाला घामाघूम होऊन बडवत होता, त्याच्याभोवती सरनोबत तालमीचे लोक नाचत होते, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. लोक अंदाजाने नाचले. तालमीच्या फुटबॉल संघाने सामना दोन गोलांनी जिंकला होता, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

शर्वाणी इंगवलेने मात्र घेतलं, कारण हा उद्योग तिचाच होता. पुण्यातल्या एका कंपनीत ती फुटबॉलचा व्हिडिओ गेम बनवायची. गेममधले खेळाडू झकास पळत, पण प्रेक्षक रेशनच्या रांगेत उभे केल्यासारखे दिसत. सामन्याच्या दिवसाचा माहोल आणायचं काम तिच्यावर आलं, तेव्हा तिने ताठ मानेने सांगितलं होतं की माहोल बघायचा तर आमच्या कोल्हापूरचा. आधीच्या सामन्याला जाऊन तिने हलगी रेकॉर्ड केली आणि गेममध्ये घातली. तिथे ती वाजू लागली आणि इथे बंद पडली.

"ने की," आण्णा म्हणाले होते. आण्णा म्हणजे तिचे वडील, दिनकर इंगवले. "जगाला कळू दे कोल्हापूर काय हाय त्ये."

मग तिने भडंगवाल्याची आरोळी नेली. पुढच्या रविवारी तो बिचारा तोंड उघडून उभा, आवाज नाही. शर्वाणीला वाईट वाटलं. तिने आरोळी गेममधून पुसून टाकली, म्हणजे त्याची त्याला परत मिळेल. मिळाली नाही. आता ती कुठेच नव्हती. पुसलेलं परत येत नाही, एवढं तिला त्या दिवशी कळलं, आणि भडंगवाला अजूनही तिच्याकडे बघत नाही.

पण तोवर तिने मैदानाच्या पायऱ्यांवरच्या माणसांचे फोटोही कंपनीला देऊन टाकले होते. ती सात हजार माणसं गेममध्ये बसली आणि मैदानात पातळ झाली. जिवंत होती, भांडत होती, पण त्यांच्या पोटातून मागच्या भिंतीवरची जाहिरात वाचता यायची.

आण्णांना तेवढं तिने वाचवलं होतं. फोटो काढताना त्यांच्या जागेवर आली की ती कॅमेरा खाली करायची. जगाचं काहीही होवो, आपला बाप शाबूत राहावा, असा तिचा साधा, आपमतलबी हिशेब होता. आणि तो चुकला.

सोमवारी दुपारी ती ऑफिसात आली तर आण्णा पडद्यावर बसलेले.

"हा माणूस कुठून आला?" तिने विचारलं.

"आवाजातून," तिचे साहेब, सौमित्र सर, खुशीत म्हणाले. "तुझ्या हलगीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कोणीतरी ओरडतंय, 'आरं पास दे की, घरला न्हेतोस काय बॉल!' इतका खरा राग मी कधी ऐकला नव्हता. त्या आवाजाला शोभेल असा माणूस तयार केला. कसा वाटतो?"

मिशीसकट हुबेहूब होता. शर्वाणीने घरी फोन लावला.

"आण्णा कुठायत?"

"जेवाय बसल्यात की," आई म्हणाली. "पन लई पातळ झाल्यात गं सकाळधरनं. ताट दिसतंय त्यांच्यातनं."

गेम संध्याकाळी पाच वाजता बाजारात येणार होता. एकदा घरोघरी गेला की आण्णा घरोघरी जातील, आणि कोल्हापुरात नुसतं ताट उरेल. पुसले तर आण्णा कुठेच उरणार नाहीत.  फोन तसाच चालू ठेवून शर्वाणी पडद्याजवळ गेली, आणि तेव्हा तिला दिसलं की सरांनी आण्णांना पूर्वेच्या पायऱ्यांवर बसवलं आहे.

हे पुण्यात कुणाला कळण्यासारखं नव्हतं. सरनोबत तालीम पश्चिमेला बसते, रणदिवे तालीम पूर्वेला, आणि ही वाटणी मैदानाच्या कुंपणापेक्षा जुनी आहे. आण्णांची सख्खी बहीण रणदिव्यांच्या घरात दिलेली. भाऊजींच्या पंगतीला आण्णा मांडीला मांडी लावून बसतात. मैदानात गेली तीस वर्षं त्यांनी भाऊजींना ओळख दाखवलेली नाही. सरांनी मात्र आवाज दोन्हीकडून सारखा यावा म्हणून सात हजार माणसं पत्त्यांसारखी पिसून वाटली होती.

सामना सुरू झाला. आण्णा उभे राहिले. सरांनी बसायची कळ दाबली. आण्णा बसले नाहीत.

"शर्वे," स्पीकरमधून आवाज आला, "हितं मी बसत न्हाई."

"हे वाक्य कोणी लिहिलं?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग त्याच्या शर्टाचा रंग बदल. पूर्वेचा रंग दे. प्रश्न मिटला."

"शर्ट बदलून त्यांची तालीम बदलत नाही, सर."

"अगं, गेम आहे हा!"

"म्हणूनच तर," शर्वाणी म्हणाली. तिला आता भीती वाटत नव्हती, राग येत होता, आणि तो थेट बापाकडून आलेला होता. तिने माइक ओढला. "आण्णा, तुमच्या बाजूला जावा. मैदानातनंच जावा. कुणी आडवं आलं तर थांबू नका."

आण्णांनी कुंपणावरून पाय टाकला आणि मैदानात उतरले. माणसाने मैदान ओलांडलं तर काय करायचं, हे गेमला कुणी शिकवलंच नव्हतं. पंचाने शिट्टी तोंडात धरली आणि तसाच राहिला. खेळाडू कमरेवर हात ठेवून बघू लागले. आण्णांच्या मागून आणखी एक जण उतरला, मग रांगच लागली. पश्चिमेला अडकलेले रणदिवे तालमीचे लोकही उठले आणि समोरून निघाले. मधल्या रेघेवर दोन्ही गर्दी एकमेकींतून आरपार गेल्या. त्यात भाऊजीही होते. त्यांनी ओळख दाखवली नाही.

"बसव त्यांना," सर म्हणाले. "पाच वाजायला दोन तास आहेत."

"नाही बसवणार."

"मग मी सगळे पुसतो."

शर्वाणी उठली, कीबोर्ड उचलला आणि त्याच्यावर बसली. सहा वर्षांच्या नोकरीचं असं बूड टेकून वाटोळं करताना तिला विलक्षण बरं वाटलं.

आण्णा पश्चिमेच्या पायऱ्यांवर पोचले, पण थांबले नाहीत. वर चढत राहिले. सगळ्यात वरच्या पायरीच्या पलीकडे कंपनीने काहीच काढलेलं नव्हतं, नुसतं करडं होतं. आण्णांनी धोतर सावरलं आणि पलीकडे उतरले. मागची माणसंही एकामागोमाग उतरू लागली.

तेवढ्यात फोनमधून आई ओरडली. "अगं, ताटावरनं उठलं तुझं आण्णा! हात बी न धुता निघाल्यात. कुठं चाललाय म्हणून इचारलं, तर म्हनत्यात, आपल्या बाजूला."

"जाऊ दे त्यांना."

"गल्लीत ही गर्दी झालीया. सगळी तालमीची माणसं. येनाऱ्यात बी तीच, जानाऱ्यात बी तीच." आईचा आवाज खाली आला. "शर्वे, तिकडनं बी आण्णाच यायल्यात गं. धोतर सावरत. आनि हिकडनं आमचं पातळ आण्णा. समोरासमोर आल्यात. आता एकानं तरी बाजूला सराय नको का? एकबी सरंना."

सर कीबोर्ड ओढत होते. शर्वाणीने आणखी जोर देऊन बूड टेकलं.

"आई, दोघांनाबी सांग. सरू नका म्हणावं, एकमेकांतच जावा."

आईने दारातूनच हाक मारून सांगितलं. मग फोनमध्ये पावलं वाजू लागली, दोन माणसांची, सरळ एकमेकांकडे येणारी.