बालवाडीतला टेपरेकॉर्डर आणि गोदा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. खाऱ्या वाऱ्याने माझी जाळी गंजली आहे आणि कॅसेटचे झाकण रबराने बांधून ठेवले आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे.

मुंबईत गोदीत काम करणाऱ्या महिपतने मला विकत घेतले. १९८३च्या शिमग्याला तो रत्नागिरीला आला आणि त्याने मला आपल्या बहिणीच्या, मथुराबाईंच्या हाती दिले. मिरकरवाड्यात त्यांची बालवाडी होती. त्यांनी स्वतःच्या आवाजात गाणी भरली, महिपतने ढोलकीची साथ केली. मी गाऊ लागलो की रडणारी पोरे गप्प होत. सगळे माझे कौतुक करीत, आणि खरे सांगायचे तर मी जरा फुगलोही होतो.

पण एका मुलीपुढे माझे काही चालेना. चार वर्षांची गोदा. आमचा एक खेळ होता: गाणे चालू तोवर नाचायचे, थांबले की खाली बसायचे. गोदा दरवेळी सर्वांच्या मागून बसे. हाकेला ओ देत नसे, बोलायची तर दोन-तीनच शब्द. मुले तिला खुळी म्हणू लागली.

तिची आई प्रेमला बंदरावर मासळी निवडायला जायची. एक दिवस ती म्हणाली, "बाय, उद्यापासून हिला आणत नाय. हिच्या डोक्यात काय शिरत नाय."

"आठ दिवस दे मला," मथुराबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मुले खाऊ खात असताना गोदा माझ्यापाशी आली आणि तिने गाल माझ्या जाळीला टेकवला. आत ढोलकी वाजत होती. गोदा हसली. मथुराबाई बघत राहिल्या. मग त्यांनी तिला लांब, पाठमोरे उभे केले आणि माझा आवाज पूर्ण वाढवला. गोदा नाचू लागली. मला बंद करताच ती झटकन खाली बसली. पण आवाज निम्मा ठेवून गाणे लावले, तर ती बसूनच राहिली.

संध्याकाळी त्यांनी प्रेमलाला हेच दाखवले. "पोर खुळी नाही गं. तिला कमी ऐकू येतं. इतके दिवस दुसऱ्यांना बघून बसत होती ती."

प्रेमलाने गोदाला जवळ ओढले. मग हळूच म्हणाली, "मी मारलंय तिला, बाय. ऐकत नाय म्हणून."

डॉक्टरांनी गोदाच्या कानांच्या पडद्यामागे साचलेले पाणी काढले. महिनाभराने ती परत आली, तेव्हा मथुराबाईंनी सवयीने मला पूर्ण आवाजात लावले. गोदाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाय, बारीक कर."

एवढ्या वर्षांत माझा आवाज कमी करायला सांगितला म्हणून मला आनंद झाला, तो तेवढा एकदाच.

आता मी कपाटावर असतो. कधीमधी माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण त्याआधी एक करा, मित्रांनो. तुमच्या वर्गातले कुणी ऐकत नसेल, तर त्याला हसण्यापूर्वी त्याला ऐकू येते का, तेवढे पाहा.