अकरावा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. छापखान्यात माझी पानं शिवली जात होती तेव्हा वाटलं होतं, आपण मोठ्या ग्रंथालयात मानाने बसणार. नशिबात निघालं कपडे धुण्याचं दुकान. कपड्यांवरच्या इंग्रजी पट्ट्या वाचता याव्यात म्हणून मालकांनी मला आणलं. वर्षभर माझं फार कौतुक झालं. मग "आता सगळं पाठ आहे" म्हणत त्यांनी मला खिडकीच्या फटीत खोचलं, वाऱ्याने ती आपटू नये म्हणून. उन्हाने माझी पाठ पिवळी पडली.

एका सकाळी एका वाद्यवृंदाचे वीस पांढरे कोट आणि वीस लाल गळपट्टे आले. संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता. गळपट्ट्यांवर पट्टी होती, 'कलर मे रन'.

"रन म्हणजे चालणे," मालक म्हणाले. "मशीन रन होतं, म्हणजे चालतं. तसा हा रंगही चालेल. टाका सगळं एकत्र."

इस्त्रीवाल्या मावशींना ते पटेना. "मालक, चालेल एवढं सांगायला कोणी पट्टी शिवेल का?"

"मावशी, तुम्ही इस्त्रीचं बघा." मालकांनी कपडे कोंबून मशीनचं दार लावलंसुद्धा आणि ते साबणाचा डबा शोधू लागले.

मावशी तडक खिडकीशी आल्या. मला उपसून काढलं, बाहीने धूळ पुसली. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या, बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागल्या. धावणे. चालवणे. नळ वाहणे. निवडणुकीला उभे राहणे. या एका शब्दाला माझं दीड पान लागतं. मध्येच कंटाळतात की काय, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला.

अकराव्या अर्थाशी बोट थांबलं.

"मालक, बटण दाबू नका. हे बघा काय लिहिलंय. 'कपड्याचा रंग सुटून दुसऱ्याला लागणे.'"

बटणाकडे गेलेला मालकांचा हात तसाच राहिला. मावशींनी एक गळपट्टा काढून त्याचं टोक ओल्या पांढऱ्या फडक्यात पिळलं. फडकं गुलाबी झालं. मालक भराभर कोट वेगळे काढू लागले.

"वीस कोट," ते पुटपुटले. "मावशी, लाज राखलीत दुकानाची."

संध्याकाळी ते कोट दुधासारखे पांढरेशुभ्र होऊन गेले. दुसऱ्या दिवशी मालकांनी मशीनच्या वर माझ्यासाठी फळी ठोकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "यापुढे मावशी पट्टी वाचतील, मगच मशीन सुरू होईल." त्या पानावर मावशींच्या अंगठ्याचा गुलाबी ठसा उमटलाय. तो मी पदकासारखा मिरवतो.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कपाटात कोंडून नव्हे. आम्हाला उघडा. हात ओले असले तरी हरकत नाही, फक्त पहिल्या अर्थावरून परत फिरू नका. शेवटच्या ओळीपर्यंत या.