घोडा छाप उपास

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, प्लासिडने आपली उशी काखेत मारली आणि तो बाहेरच्या खोलीत झोपायला गेला, तेव्हा फ्लॉसीला त्याचं कौतुकच वाटलं. सांडोर गावात उपासकाळ आला की कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं, कुणी मोबाइल सोडल्याचं जाहीर करून संडासात बघत बसतं. पण साठी ओलांडलेल्या नवऱ्याने ईस्टरपर्यंत बायकोची शेज सोडावी, तेही काही गाजावाजा न करता, म्हणजे कमालच होती. तिने त्याला काही विचारलं नाही. उपास बोलून दाखवायचा नसतो आणि दुसऱ्याचा तर विचारायचाही नसतो, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं.

खरं तर फ्लॉसी कुणावर चटकन विश्वास ठेवणारी बाई नव्हे. गावात कुणी गुडघेदुखीचा चुंबकाचा पट्टा आणो, कुणी तांब्याचं कडं आणो, फ्लॉसी आधी चष्मा लावणार, डबा उलटा करणार आणि मागची बारीक अक्षरं वाचून विचारणार, "हे कुणाला लागू पडलं त्याचं नाव सांग." तिच्या अंगणात पाऊल टाकायला विक्रेते घाबरत. नवऱ्याच्या बाबतीत मात्र तिचा चष्मा घालायचा राहून गेला.

उलट, आपल्या बाजूनेही त्याला मोह नको म्हणून तिने पेटीतून जुना गळाबंद गाऊन काढला. रात्री तोंडाला पावडर लावायची ती सोडली, केसात मोगरा माळायचा तो सोडला. अंगणातला मोगरा त्या साली नुसता गळून पडत होता. बिचारा एवढा झगडतोय, तर आपण कशाला त्याला आणखी जड करायचं, असा तिचा साधा हिशेब.

पवित्र आठवडा सरला. ईस्टरच्या दिवशी फ्लॉसीने डुकराच्या मटणाचं झणझणीत इंद्याल केलं, वडे केले आणि दुपारी कपाटातून ती चादर काढली. लग्नात तिच्या आईने स्वतःच्या हाताने भरलेली, कडेला निळी फुलं असलेली चादर. ती सणासुदीलाच बाहेर येई. फ्लॉसीने ती ताणून पलंगावर घातली, मोगऱ्याच्या चार कळ्या उशाशी ठेवल्या आणि स्वतःशीच लाजली. रात्री प्लासिड पोटभर जेवला, "इंद्याल मस्त झालंय गो," म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत निघून गेला.

"वारा बरा येतो तिथं," एवढंच तो दारातून म्हणाला.

फ्लॉसी त्या चादरीवर एकटी झोपली. सकाळी तिने ती घडी करून परत कपाटात ठेवली आणि त्या दिवसापासून तिचं मन काही थाऱ्यावर राहिलं नाही.

तिला काय सलत होतं, ते कुणाला सांगावं तर हसले असते. प्लासिडला लग्नापासूनची एक सवय होती. झोप लागण्याआधी तो आपला पाय तिच्या पायावर टाकायचा. केळीच्या वाडीतल्या चिखलाने भेगा पडलेला, जड, गरम पाय. सुरुवातीला ती वैतागायची, ढकलून द्यायची. नंतर तो पाय आल्याशिवाय तिला झोप येईनाशी झाली. उपासकाळात तिने तेही देवाला वाहिलं होतं. पण उपास संपला, तरी पाय परत आला नाही. म्हणजे त्याला आता आपण नकोशा झालो, दुसरं काय? ती आरशासमोर उभी राहून स्वतःकडे बघायची. छप्पन्न वर्षांची, सुटलेली, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आलेली बाई तिथून तिच्याकडे बघायची.

आठवडाभराने वाडीतली पाण्याची मोटार बंद पडली. प्लासिड केळी द्यायला बाजारात गेला होता आणि भाजी पाण्यावाचून माना टाकत होती. म्हणून फ्लॉसी स्वतःच बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावरच्या पंपाच्या खोलीत शिरली. फ्यूज बघायला तिने फळीवर हात घातला, तर हाताला लागला डबा. डब्यावर उधळलेला काळा घोडा. खाली लिहिलं होतं, चाळिशीनंतरच्या पुरुषांसाठी, शंभर टक्के नैसर्गिक, टेस्टोस्टेरॉन वाढवा, गेलेली ताकद परत मिळवा. डबा अर्धा रिकामा होता.

तिने चष्मा लावला. अश्वगंधा, गोखरू, शिलाजीत, सफेद मुसळी आणि शेवटी 'इतर गुणकारी द्रव्ये'. कुठली इतर, ते लिहिलेलं नव्हतं.

हे वाचून होईपर्यंत ती शांत होती. मग एकदम तिच्या मनात आलं. आपल्याजवळ तर हा येत नाही. मग ही ताकद चाललीय कुणासाठी? ती तिथेच उलट्या बादलीवर बसली. प्लासिडला दुसरी कोण बाई बघणार, या विचाराने तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

पण रडत बसणं तिला जमणारं नव्हतं. डबा तिने ओळखला नसला, तरी डब्यामागचा माणूस तिने बरोबर ओळखला. प्लासिडचा शाळेपासूनचा दोस्त गॉडफ्रे. विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो केस कुळकुळीत काळे करायचा, घट्ट टी-शर्ट घालायचा आणि भेटेल त्याला मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ दाखवायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात तिने त्याला गाठलं.

"गॉडफ्रे, तो घोडा तूच दिलास ना?"

गॉडफ्रेचा चेहरा पडला. इकडे तिकडे बघून तो हळूच म्हणाला, "नैसर्गिक आहे गो. जडीबुटी. साइड इफेक्ट अजिबात नाय."

"धोतराही नैसर्गिकच असतो. तू कधीपासून घेतोस?"

"गेल्या गणपतीपासून."

"आणि गुण?"

गॉडफ्रेने टी-शर्ट खाली ओढला. "येतोय," तो म्हणाला. "हळूहळू येतोय."

त्याचा आवाज इतका केविलवाणा होता, की फ्लॉसीने विषय तिथेच सोडला. मात्र एका गोष्टीने तिला बरं वाटलं. जाता जाता गॉडफ्रे म्हणाला होता, "त्याला ओरडू नकोस. तुझ्यासाठीच घेतो तो." ती घरी आली ती हेच घोळवत. माझ्यासाठी घेतो, तर मग बाहेर का झोपतो?

घरी येताच तिने बहरीनला फोन लावला. मुलगी स्टेफी तिथे नर्स आहे. प्लासिड मिस्सेनंतर कपडे बदलून वाडीत गेला होता, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येणार होतं. तरी मुलीला हे कसं सांगायचं? फ्लॉसीने शेजारच्या रेजिनाच्या नवऱ्याचं नाव पुढे केलं.

"मम्मी, अशा डब्यांचं काही खरं नसतं," स्टेफी म्हणाली. "एखाद्या मुळीवर थोडाफार रिसर्च झालाय, पण डब्यावर लिहितात तेवढं कुणी प्रूव्ह केलेलं नाही. आत नक्की काय घातलंय तेही कळत नाही. वय झालं की हॉर्मोन थोडं कमी होतंच. खरंच फार कमी असेल तर ब्लड टेस्टमध्ये दिसतं आणि मग डॉक्टर बघतो. थकवा शुगरचा असेल, बीपीचा असेल. आधी ते चेक करायला सांग."

"सांगते रेजिनाला."

"आणि मम्मी, त्या अंकलनी बीपीची गोळी बंद नाही ना केली? काही जण करतात. त्या गोळीनेच कमजोरी येते म्हणून कुणीतरी सांगतं."

"नाय गो, कशाला बंद करतील."

"एकदा बघून घे. फ्रिजवर असते ना आपली स्ट्रिप, तिथेच बघ."

फोन ठेवल्यावर रेजिनाच्या नवऱ्याची गोळी आपल्या फ्रिजवर कशी, हे फ्लॉसीच्या लक्षात आलं. लाजायला मात्र वेळ नव्हता. तिने फ्रिजवरची पट्टी खाली घेतली. एकही गोळी फोडलेली नव्हती. आणि ती पट्टी तर तिने स्वतः उपासकाळाच्याही आधी आणून ठेवलेली. पायात चप्पल न घालताच ती वाडीकडे धावत सुटली.

प्लासिड खालच्या बांधाजवळ होता. राजेळी केळ्यांचा भला थोरला लोंगर, फण्यांनी गच्च भरलेला, खांद्यावर घ्यायचा त्याचा प्रयत्न चालला होता. असे लोंगर आता रिक्षा-टेम्पोपर्यंत दोघे मिळून नेतात. पण तरुणपणी तो एकटा नेत असे आणि घोड्याचा गुण आला की नाही, हे तो त्या लोंगरावरच तपासून बघत होता. लोंगर खांद्यावर चढला, प्लासिड दोन पावलं चालला आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचे गुडघे वाकले. लोंगर एकीकडे, तो एकीकडे.

"प्लासिड!"

चारचौघांत ती त्याला 'स्टेफीचे डॅडी' म्हणायची. नावाने हाक मारायची ती फक्त आतल्या खोलीत. ती हाक ऐकून त्याने मान वर केली. तोंड पांढरं पडलं होतं, कपाळावर घाम होता.

"काय नाय, जरा भोवळ आली," तो म्हणाला.

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, त्याला केळीच्या सावलीत टेकवलं आणि हातातली पट्टी त्याच्यासमोर धरली. "ही बंद केलीस. घोडा चालू केलास. का?"

प्लासिड सुकलेली पानं चुरगाळायला लागला. मग म्हणाला, "तुला ठाऊक हाय."

"मला काय ठाऊक नाय. सांग."

"कार्निव्हलच्या रात्री," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नाय जमलं मला. आणि तू काय न बोलता झोपलीस."

फ्लॉसीने आठवायचा प्रयत्न केला. कार्निव्हल म्हणजे राखेच्या बुधवारची आदली रात्र; ती दिवसभर वडे तळून दमली होती आणि आडवी होताच तिचा डोळा लागला होता. न जमल्याचं तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. आणि हा माणूस ती रात्र इतके दिवस उरावर घेऊन फिरत होता.

"म्हणून उशी उचललीस?"

"म्हटलं, बरा झालो की येईन आत. तोवर कशाला तुझी झोपमोड. आणि तू लगेच तो गळाबंद गाऊन काढलास. मोगरा बंद केलास. मला वाटलं, सुटली बिचारी."

फ्लॉसीने कपाळावर हात मारला. "अरे, मला वाटलं तू उपास धरलायस!"

"कसला उपास?"

"माझा!"

प्लासिडला कळायला जरा वेळ लागला. मग तो हसायला लागला, आधी नाकातून, मग पोट धरून. भोवळ आलेल्या माणसाने असं हसू नये म्हणून ती त्याला दटावत होती आणि स्वतःही हसत होती. हसता हसता तिला रडू फुटलं. "मला वाटलं मी तुला नको झाले," ती म्हणाली. त्याचं हसू तिथेच थांबलं. चिखलाचा हात सदऱ्याला पुसून त्याने तिचा हात धरला आणि नुसता नाही नाही म्हणत मान हलवत राहिला.

दुपारी ती त्याला रिक्षाने डॉक्टरकडे घेऊन गेली. बीपी बरंच वर होतं. डॉक्टरांनी घोड्याचा डबा हातात घेऊन फिरवला, बाजूला ठेवला आणि गोळी पुन्हा चालू करायला सांगितली. "गोळीने त्या बाबतीत त्रास होतो असं वाटलं, तर मला येऊन सांगा. दुसरी गोळी असते. आपल्या मनाने बंद करू नका," ते म्हणाले. प्लासिडने मान खाली घालून हो म्हटलं. रक्त तपासायला दिलं. पुढे रिपोर्ट आला तेव्हा साखर थोडी वाढलेली निघाली आणि ते टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने अगदी ठीक. प्लासिड थोडा हिरमुसला, कारण दोष देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर फ्लॉसीने कपाट उघडलं आणि निळ्या फुलांची चादर काढली. प्लासिड बाहेरच्या खोलीतून उशी घेऊन आला खरा, पण आतल्या खोलीच्या दारातच थांबला. नव्या नवऱ्यालाही इतका संकोच वाटला नसेल.

"ईस्टर होऊन किती दिवस झाले," तो चादरीकडे बघत म्हणाला.

"तुझा झाला असेल. माझा आज हाय."

तो तरी आत येईना. उशी छातीशी धरून म्हणाला, "आणि आताही नाय जमलं तर?"

"काय नाय जमलं तर?" फ्लॉसीने चादर झटकली. "पाय टाकायला जमेल ना माझ्या पायावर? मला तेवढंच पायजे होतं, प्लासिड. तेवढ्यासाठी इतक्या रात्री झोपले नाय मी."

प्लासिडने उशी तिच्या उशीशेजारी ठेवली. मग पलंगाच्या पलीकडे जाऊन त्याने चादरीची दुसरी दोन टोकं धरली.